मन मारणे आणि मन वळवणे

पालकांसाठीच्या व्याख्यानांत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. चार वर्षांच्या मुलापुढे मार्शमॅलो नावाची मऊ, गोड वडी ठेवतात. 'मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील' असे सांगून मोठे माणूस खोलीबाहेर जाते. काही मुले थांबतात, काहींना राहवत नाही. थांबलेली मुले पुढे अभ्यासात चमकतात. तात्पर्य, संयम ही यशाची किल्ली. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही; पण मूळ शोधनिबंध क्रमाने वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की या गोष्टीतून प्रयोगाचा गाभाच गळून पडला आहे.

वॉल्टर मिशेल यांनी हे प्रयोग १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत सुरू केले. थांबणारे मूल त्या वेळात नेमके काय करते, हे त्यांना शोधायचे होते. १९७२च्या निबंधात दिसते, की खाऊ डोळ्यांसमोर असला की मुलांचा धीर लवकर सुटतो आणि गमतीच्या गोष्टींचा विचार करायला सुचवले की तो टिकतो. १९७५मध्ये काही मुलांना ही वडी म्हणजे पांढरा ढग आहे अशी कल्पना करायला सांगितले. ती बराच वेळ थांबली. वडीच्या गोडव्याचा विचार करायला सांगितलेली मुले लवकर हरली. बालवाडी तीच, खाऊ तोच. बदलली ती विचाराची दिशा.

म्हणजे यशस्वी मुले मन मारत नव्हती, ते दुसरीकडे वळवत होती. आपल्या उपदेशांत हा फरक पुसला जातो. मन मारायला निग्रह लागतो. मन वळवायला आपले मन कसे चालते याची जाण लागते. या जाणिवेला जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात 'मेटाकॉग्निशन' हे नाव दिले. ती वयानुसार वाढते. खाऊ झाकून ठेवला तर थांबणे सोपे जाते, हे चार वर्षांच्या मुलांना सहसा उमगत नाही. पाच-सहाच्या सुमारास उमगू लागते. जी गोष्ट उमगते, ती शिकवताही येते.

दुसरा गळालेला धागा भरवशाचा. रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३च्या निबंधात २८ मुलांचा प्रयोग मांडला. आधी सर्वांना चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य देण्याचे वचन दिले. निम्म्यांबाबत ते पाळले, निम्म्यांबाबत मोडले. मग तीच परीक्षा घेतली. वचन पाळलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली सुमारे ३ मिनिटे. ज्याचा शब्द एकदा खोटा ठरला, त्याच्यासाठी थांबणे हा शहाणपणा कसा? त्या मुलांचा लगेच खाण्याचा निर्णय भावनेच्या भरातला म्हणण्यापेक्षा अनुभवातून आलेला हिशेब म्हणावा लागेल.

राहिला भावी यशाचा दावा. १९९०च्या ज्या निबंधावर तो उभा आहे, त्यात कळीच्या गटातील अवघ्या ३५ मुलांचे प्रवेशपरीक्षेचे गुण हाती होते. सावधगिरीचा इशारा लेखकांनीच दिला होता. २०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध दिसला, पण निम्म्याने क्षीण. घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात घेताच त्यातलाही दोन तृतीयांश भाग ओसरला.

यावर कोणी म्हणेल, मग संयमाला किंमतच नाही का? आहे. पाढे पाठ करायलाही धीर लागतो. माझा आक्षेप निदानावर आहे. 'याला संयमच नाही' हा शेरा मुलाच्या स्वभावावर बसतो आणि शिक्षकाला मोकळे करतो. या प्रयोगांनी प्रश्न उलट शिक्षकाकडेच वळवला आहे: लक्ष भरकटले तर ते परत कसे आणावे, हे आपण या मुलाला कधी दाखवले का? आणि ज्या फळासाठी थांब म्हणतो, ते त्याच्या घरात कोणाच्या पदरात पडलेले त्याने पाहिले आहे का? वर्षानुवर्षे मोडलेल्या वचनांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला धीर धरायला सांगण्याआधी, दिलेला शब्द पाळणारे एक तरी मोठे माणूस त्याला भेटायला हवे.