समुद्रानं ठेवून घेतलेली पोथी

खांदेरी-उंदेरीजवळच्या खडकांवर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. ती नवगावात पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली, बायकांची दुसऱ्याखाली. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची मूळकथा एवढीच. थळ आणि किहीमच्या मधलं हे नवगाव.

जुनी गोष्ट नव्यानं सांगू पाहणाऱ्याला रायगडच्या किनाऱ्यावर गोष्टींचा तोटा नाही. दारूच्या पिंपांची युक्ती करून जंजिरा किल्ला घेतल्याची गोष्ट तर आयतं नाटकच. पण किल्ला पडला की ती संपते, ऐकणाऱ्याला विचारायला काही उरत नाही. नवगावची गोष्ट इतकी तुटक आहे की प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागतं.

आधी तो आकडा. सात जोडपी, म्हणजे चौदा. चित्पावनांच्या मूळकथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतंच आहेत. परशुराम त्यांना उठवतो. नोहाच्या तारवात शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या असतात, ते वेगळंच. कुणी कुणाकडून काय उसनं घेतलं यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला भावतो तो फरक. नवगावच्या गोष्टीत चमत्कार नाही. मेलेले मेलेलेच राहतात आणि जगलेल्यांच्या वाट्याला येतं पहिलं काम, खड्डे खणण्याचं.

मग पोथ्या. त्या गलबताबरोबर बुडाल्या, असं गोष्ट सांगते. हे वाक्य फार चतुर आहे. ‘तुम्ही यहुदी, मग तुमचे ग्रंथ कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आधीच देऊन ठेवलंय. 1738 साली एका युरोपीय मिशनऱ्यानं या लोकांबद्दल जे लिहिलं त्यातही तेच आहे: यांच्याजवळ बायबल नाही, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी येते.

पोथी गेली, पण ओळख कुठे राहिली? याचं उत्तर दुसऱ्या कथेत आहे आणि ते मासळीच्या टोपलीत आहे. डेव्हिड राहबी नावाचा परदेशी येतो, बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवतो आणि रांधायला सांगतो. बायका खवले आणि पंख असलेले मासे तेवढे वेचून घेतात, बाकीचे बाजूला सारतात. राहबीची खात्री पटते. परंपरा त्याला हजारेक वर्षं मागे नेते, तर काही इतिहासकार त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्याशी जोडतात. लेखकानं या भांडणाचा निकाल लावू नये. त्यानं टोपलीत बघावं. कथेत नुसते ‘मासे’ आहेत. नव्यानं सांगणाऱ्यानं इथे जिताडा, बोय एकीकडे आणि मुशी, पाकट, शिंगाळा दुसरीकडे ठेवला की प्रसंगाला वास येतो. आणि परीक्षा बायकांची झाली, याकडे लक्ष जातं. पुरुष विसरले ते बायकांच्या विळीला आठवत होतं.

या समाजानं स्वतःही गोष्टी नव्यानं सांगितल्याच. 1880च्या सुमारास मुंबईत त्यांनी मराठी कीर्तनाचा साज उचलून त्यात बायबलमधली आख्यानं लावली. हैम सॅम्युएल केहीमकरांनी 1897च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये. नवगावावर लिहायचं तर आधी केहीमकर वाचायचे. ते भाविक आहेत, हे लक्षात ठेवून.

पण माझं अडतं ते एका नावापाशी. हे लोक पुढे तेलाच्या घाण्यावर जगले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. म्हणजे शब्बाथ पाळणं शेजाऱ्यांना विचित्र वाटलं नाही. त्यांच्या हिशेबात ती आणखी एक सुट्टी होती.

घाणा मात्र पोहत किनाऱ्याला येत नाही. बैल लागतो, लाकडी लाट लागते, तीळ किती ओले करायचे ते हाताला कळावं लागतं. त्या चौदा जणांना हे कुणीतरी शिकवलं असणार. पहिल्या रात्री कुणीतरी भाकरी दिली असणार, खड्ड्यांसाठी कुदळ दिली असणार. नवगावातल्या त्या माणसाबद्दल गोष्टीत एक अक्षर नाही.