नावात उरलेला रंग

नैसर्गिक रंगांवरचे आपले लेखन झाडापासून निघते ते थेट कापडावर पोचते. मधला माणूस गळतो. आंबेनळी घाटाखालच्या महाड-पोलादपूर भागातले कातकरीच घ्या. कात करणारे ते कातकरी. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, रस आटवायचा, घट्ट झाला की वड्या पाडायच्या. हा कात विड्यात गेला, तसा कापडातही. त्यातले टॅनिन धाग्यावर तपकिरी रंग धरते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रंगाऱ्यांनी तो क्रोमियमच्या क्षाराने पक्का केला.

म्हणजे कातकरी रंगारी नव्हेत, रंगद्रव्य करणारे. ‘आदिवासींची रंगपरंपरा’ या मोघम कौतुकात हा फरक पुसला जातो (कौतुक करणाऱ्याला तो नकोही असतो). जॉर्ज वॉट यांच्या कोशाच्या १८८९च्या पहिल्या खंडात खैर येतो तो व्यापारी मालाच्या अंगाने. कुलाबा गॅझेटियरात, १८८३ साली, कातकरी येतात ते जातीजमातींत. आपण पहिला कप्पा उघडला, दुसरा बंदच ठेवला. त्यामुळे १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलातली तोड गुन्हा ठरवली, ही गोष्ट रंगाच्या इतिहासात येतच नाही. खैर हातचा गेला. कातासाठी जाळ घालणारे पुढे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर मजुरीला लागले.