स्वप्रकाशन आणि लेखकाचे स्वातंत्र्य : ‘बलुतं’च्या संदर्भात

स्वखर्चाने पुस्तक छापले की लेखक स्वतंत्र झाला, असा समज रूढ आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ स्वतः प्रसिद्ध केले. परंतु त्यांचे समग्र वाङ्मय एकत्रितपणे वाचकांपुढे येण्यास १९६९ साल उजाडावे लागले. याउलट अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने प्रकाशित केले व ते अल्पावधीत सर्वदूर पोहोचले. काळाचा आणि साक्षरतेचा फरक मान्य करूनही एक बाब स्पष्ट होते : प्रस्थापितांना अस्वस्थ करणाऱ्या लेखनास छपाईइतकीच संघटित वाचकांची गरज असते. पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या जिल्ह्यातील नवलेखकांनी व वाचनालयांनी याची दखल घेणे अगत्याचे आहे. अन्यथा गठ्ठे घरातच राहतील.