‘माझा प्रवास’ आणि वाटेचें मोल

जितके मुक्काम अधिक तितकें पुस्तक मोठें, असा प्रवासवर्णनें लिहिणारांचा अलीकडे समज झालेला दिसतो. मधलें अंतर विमान गिळतें, लेखकही गिळतो. वाचकाच्या हातीं उरते ती स्थळांची यादी. असलीं दोन-तीन पुस्तकें लागोपाठ वाचून कंटाळल्यावर आम्ही विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’ पुन्हां उघडला.

हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. घरचें कर्ज फिटावें म्हणून हा तरुण भिक्षुक १८५७ सालीं चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानांत निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेंत बंड उसळलें आणि हिशेब पार चुकला. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. घरीं पोंचली ती आईबापांसाठीं आणलेली गंगेची कावड. मिळकतीच्या मापानें हा प्रवास साफ फसला. परंतु पुस्तक उभें आहे तें या फसण्यावरच.

पायीं चालणाऱ्या माणसाला घाई करून भागत नाहीं. स्नानसंध्या, शिधा, यजमानाची वृत्ति, रस्त्यावरची भीति, सगळ्यांस गोडसे सारखाच वेळ देतात. १८५८ सालीं इंग्रजांचा वेढा पडला तेव्हां ते झांशींतच होते. ती लूट व कत्तल सांगतांनाही त्यांची चाल बदलत नाहीं, आणि म्हणूनच तीं पानें अंगावर येतात. पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं राणी भेटते, थकलेली आणि तहानलेली. भटजी पाणी काढण्यास पुढें होतात. विद्वान ब्राह्मणास तें काम नको म्हणून ती स्वतःच काढून घेते. ज्याला लवकर पोंचावयाचें असतें त्याला असली विहीर लागत नाहीं.

ग्रंथ निर्दोष नव्हे. जेथें गोडसे स्वतः नव्हते तेथली हकीकत ऐकीव आहे, आणि तेथें त्यांची लेखणी प्रवाद व प्रमाण यांत भेद करीत नाहीं. शिवाय १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषा सुधारून. त्यांचे उपकार मोठे. तरी ज्यास भटजींचें खरें पाऊल ऐकावयाचें असेल त्यानें दत्तो वामन पोतदारांनी १९६६ सालीं छापलेली मूळ बखरच वाचावी. तिची वाक्यें लांब आहेत, वळणें पुष्कळ आहेत. दम धरावा लागतो.

मागें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, झांशीच्या आधींचीं पानें गाळलीं तर चालेल काय? त्यांत नुसतें चालणेंच आहे, असें त्याचें म्हणणें. परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि आम्ही त्याला ‘चालेल’ म्हणालों.