आई, माय आणि मी

बाळांची पुठ्ठ्याची पुस्तके हा काही टीकाकाराचा प्रांत नव्हे, असे आपल्याकडे मानतात. तरीही यंदा मला लिहावेसे वाटले ते अशाच एका पुस्तकाविषयी. लेस्लिया न्यूमन या अमेरिकन लेखिकेचे ‘मॉमी, मामा अँड मी’ हे पुस्तक २००९ साली निघाले. दोन स्त्रियांच्या संसारातले एक तान्हे मूल सकाळपासून झोपेपर्यंत कुणाच्या कडेवर असते, कुणाशी खेळते, एवढाच त्याचा विषय. याच लेखिकेचे १९८९ चे ‘हेदर हॅज टू मॉमीज’ समजूत घालण्याच्या भरात जरा जड झाले होते. इथे समजूत नाही, नुसता दिवस आहे. आणि म्हणूनच मला हे अधिक सरस वाटते.

पण हे पुस्तक मराठीत कसे आणायचे? पहिलाच घास खड्याचा! ‘मामा’ म्हणताच आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे भाऊबीजेला पिशवीभर फटाके घेऊन येणारा, मिशीवाला माणूस उभा राहणार.

शब्दांचे दारिद्र्य म्हणावे, तर तेही नाही. हाका मारण्याच्या बाबतीत मराठी घर मोठे उदार आहे. एकत्र कुटुंबात धाकट्या दिरांचे ऐकून पोटची मुलेही आईला ‘वहिनी’ म्हणत. वडील कुठे दादा, कुठे अण्णा, कुठे तात्या. साने गुरुजींचा श्याम वडिलांना ‘भाऊ’च म्हणतो. त्याने कुणाचे आईपण वा बापपण उणावले नाही.

मग दुसऱ्या आईला ‘मावशी’ म्हणावे, असे एका सुज्ञ मित्राने सुचवले. माय मरो पण मावशी जगो, असे आपण म्हणतोच की! सूचना गोड आहे, पण मला ती मान्य नाही. मावशी चार दिवस राहून आपल्या घरी परत जाते. ही बाई तर याच घरची. शिवाय पाहुण्यांपुढे, शाळेच्या दारात, दवाखान्यात तिला मावशी म्हणवून झाकण्याचा मोह आधीच फार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता नाकारली, आणि अशा जोडप्याने मिळून मूल दत्तक घेण्याची वाटही बहुमताने बंदच ठेवली. दोघींपैकी एकीने एकटी म्हणून दत्तक घ्यावे. दुसरी कागदावर कुणीच नव्हे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लागते, मग वडिलांचे. आईला जागा मिळाली हे उत्तमच. दुसऱ्या आईला मात्र त्या ओळीतही जागा नाही. केरळ उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एका पारलिंगी जोडप्याच्या मुलाच्या दाखल्यावर आई-वडील ही पदे काढून दोघांनाही ‘पालक’ म्हणून नोंदवायला सांगितले. दाखल्याला ते ठीक. पण कुठले मूल रात्री दचकून उठल्यावर ‘ए पालक’ म्हणून रडेल? आमच्याकडे तर त्याची भाजीही होते! जिला कागद नाही, तिला निदान हाक तरी पुरी मिळावी.

उत्तर मला आमच्या पिंपरी-चिंचवडच्या हवेतच सापडले. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग इतर कारखाने. पुढे चाकणपर्यंत मोटारींचे पट्टे पसरले. त्यांच्यामागे मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथे राहायला आला. संध्याकाळी इमारतीखाली उभे राहावे: एक पोर ‘आई’ म्हणून ओरडते, दुसरे ‘माय’, तिसरे ‘मम्मी’, आणि ज्या त्या खिडकीतून जी ती बाई बरोबर डोकावते. तेव्हा अनुवादकाने खुशाल ‘आई, माय आणि मी’ म्हणावे. माय हा शब्द गावंढळ वाटतो, अशी कुरकुर होईल. होऊ द्या. दोन्ही शब्द सारखेच जुने, सारखेच उबदार. एकही दुसऱ्याची मदतनीस नव्हे.

न्यूमनबाईंचे दोन बापांचे जोडपुस्तकही आहे, ‘डॅडी, पापा अँड मी’. ते फार सोपे जाईल. बापांसाठी आपल्याकडे बाबा, आप्पा, अण्णा, नाना असा ढीग पडला आहे. अनुवादकाने नुसते निवडायचे.