तळटिपेत दडलेले विज्ञान

अमेरिकेत बरीचशी घरे लाकडी चौकटीची असतात. उभे वासे, त्यांना वर-खाली जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि बाहेरून प्लायवूडचे आवरण, अशी त्यांची भिंत असते. वासे किती जाड असावेत, हे ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड’ या २००० सालापासून निघणाऱ्या संहितेतील तक्त्यात पाहता येते. छपराचे ओझे पेलणाऱ्या नेहमीच्या भिंतीसाठी तक्त्यात वाशाची उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर दिली आहे. तक्ता सुटसुटीत आहे. सुताराला गणित करावे लागत नाही. हा गुण मान्य करूनही आमची एक तक्रार आहे.

समजा, दिवाणखाना दुमजली उंचीचा आहे आणि मध्ये मजला नाही. ३-३ मीटरच्या दोन चौकटी एकावर एक ठेवून ६ मीटरची भिंत उभारली. दोन्ही चौकटी तक्त्यात बसतात, पण भिंत धोक्याची असते. वारा भिंतीला वाकवू पाहतो तो मुख्यतः मधोमध. नेमका तिथेच जोड आहे आणि तो बिजागरीसारखा दुमडतो. दुमजली घरात हाच जोड मजल्याने धरलेला असतो. इथे त्याला धरणारे कोणी नाही.

उंची म्हणजे भिंतीला आडवा आधार देणाऱ्या दोन बिंदूंमधले अंतर, असे संहिता सांगते. पण तक्त्याखालच्या तळटिपेत! ज्या अटीवर भिंतीचे उभे राहणे अवलंबून आहे, ती बारीक अक्षरांत असावी, हे आम्हांला पटत नाही.

मग अखंड वासा घेतला की झाले? तेही नाही. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४० मीटर असेल, तर ०.६ × वेगाचा वर्ग या सूत्राने दाब चौरस मीटरला सुमारे १००० न्यूटन येतो. ३८ × ८९ मिलिमीटरचे वासे ४० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर ३ मीटरचा वासा मध्यभागी सुमारे १९ मिलिमीटर वाकतो. उंची दुप्पट केली, की वाकवणारा आघूर्ण चौपट होतो, पण बाक सोळापट! गणिताने तो ३० सेंटिमीटर येतो. वासा बहुधा त्याआधीच मोडेल. मात्र ताठपणा खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. खोली १८४ मिलिमीटर केली, तर बाक ३४ मिलिमीटरवर येतो. लवचिक आवरणाला उंचीच्या १/१२०, म्हणजे ५० मिलिमीटर चालतात. प्लास्टरला १/३६०, म्हणजे १७ मिलिमीटरच. म्हणजे हीच भिंत एका आवरणाला पुरते, दुसऱ्याला नाही.

वर्गात ३० सेंटिमीटरची एक पट्टी आणि चिकटपट्टीने जोडलेल्या १५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या टोकांवर टेकवून मध्ये बोटाने दाबून पाहा. मुलांना कारण लगेच कळेल. तक्त्याशेजारी एवढे चित्र असते, तर तळटीप शोधावी लागली नसती. तक्ता वापरायला हरकत नाही, पण तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे आधी विचारावे, आणि मुलांनाही ते विचारायला शिकवावे.