नायिका आणि नायकीण : स्त्रीवाचक अपशब्दांच्या इतिहासाचे एक वाचन

भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत 'अर्थापकर्ष' या प्रकरणाला ठरावीक जागा असते. मूळचा चांगला किंवा तटस्थ अर्थ असलेला शब्द कालांतराने हीन अर्थाने वापरला जाऊ लागतो, अशी व्याख्या दिली जाते आणि काही उदाहरणे नोंदवून प्रकरण संपते. या उदाहरणांत स्त्रीवाचक शब्दांची संख्या मोठी असते, ही गोष्ट मात्र क्वचितच प्रश्न म्हणून पुढे येते. शब्द जणू आपल्याच वजनाने घसरत गेला, असा समज या मांडणीतून दृढ होतो. प्रस्तुत लेखात हा समज मध्ययुगीन मराठीतील काही शब्दांच्या आधारे तपासावयाचा आहे.

तुलनेसाठी इंग्रजीचा इतिहास उपयुक्त आहे. प्राचीन इंग्रजीत 'क्वेन' आणि 'क्वेने' असे एकाच मुळातून आलेले दोन शब्द होते. पहिला राणी किंवा थोर पुरुषाची पत्नी या अर्थाचा, तर दुसरा केवळ 'बाई' या अर्थाचा. पहिल्यापासून आजचा 'क्वीन' हा शब्द आला. दुसरा मध्ययुगात उतरत उतरत उठवळ स्त्रीचा वाचक झाला. 'वेंच' हा शब्द मुळात लेकरू या अर्थाचा होता. तो मुलगी, मोलकरीण आणि अखेर चवचाल स्त्री असा प्रवास करतो. 'हार्लट' हा शब्द तर चौदाव्या शतकात पुरुषालाही लागत असे. चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधील समनर या पुरुषपात्रासाठी तो वापरला आहे. पुरुषाला लागताना त्याचा अर्थ भटक्या, लुच्चा, कधी नुसता गडी एवढाच होता. स्त्रीला चिकटल्यावर मात्र तो वेश्यावाचक झाला आणि तसाच राहिला.

या घटनेची मीमांसा दोन अंगांनी झाली आहे. मिशेल ब्रेआल यांनी १८९७च्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात शब्दांत अपकर्षाची अंगभूत प्रवृत्ती असते हे मत नाकारले. अप्रिय गोष्ट झाकण्यासाठी आपण सौम्य शब्द योजतो आणि झाकलेल्या गोष्टीचा डाग त्या शब्दाला लागतो, असे त्यांचे म्हणणे. म्युरिएल शूल्झ यांनी १९७५ साली स्त्रीवाचक शब्दांच्या अवमूल्यनावर लिहिताना केवळ सौम्योक्तीचे कारण अपुरे ठरवले आणि पूर्वग्रहाकडे बोट दाखवले. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. तथापि, पूर्वग्रह कोणत्या शब्दांना गाठतो आणि कोणत्यांना सोडतो, हा प्रश्न उरतोच. मराठीतील सामग्री या प्रश्नाचे बऱ्यापैकी नेमके उत्तर देते, असे मला वाटते.

'क्वेन' व 'क्वेने' यांची आठवण करून देणारी जोडी मराठीतही आहे. 'नायक' या एकाच पुल्लिंगी शब्दाला मराठीत दोन स्त्रीरूपे मिळाली : 'नायिका' आणि 'नायकीण'. एक काव्यशास्त्रात गेली, दुसरी कोठ्यावर. तीच गत 'कलावंत' आणि 'कलावंतीण' यांची. कलावंताला पुरस्कार मिळतो. कलावंतीण म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कला येत नाही. 'कुणबी' हा जमीन कसणाऱ्याचा शब्द, तर 'कुणबीण' या शब्दाला मोल्सवर्थच्या कोशात कुणब्याची स्त्री या अर्थासोबत गुलाम स्त्री असाही अर्थ आहे. यावरून '-ईण' हा प्रत्ययच दोषी आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण 'पाटलीण', 'माळीण', 'सुतारीण' हे शब्द जागच्या जागी राहिले आहेत. मग फरक कोठे पडतो? पाटलीण ही पाटलाची बायको. तिच्या नावातला '-ईण' विवाहाच्या दाराने आला आहे. नायकीण आणि कलावंतीण यांचे नाव मात्र त्यांच्या स्वतःच्या व्यवसायाचे आहे. त्यामागे नवरा नाही. 'सुईण' हा शब्द या नियमाला अपवाद वाटतो, कारण तीही स्वतःच्या कामाने ओळखली जाते. परंतु तिचे काम कुटुंबाच्या वंशवृद्धीचे आहे. विवाहसंस्थेला ती आतून उपयोगी आहे. तात्पर्य, जी स्त्री नवऱ्याच्या नावाने मोजता येत नाही, तिच्या नावाची किंमत घसरते. इंग्रजीतील 'वेंच' चाकरीच्या वाटेने खाली येतो. मराठीत ही वाट मुख्यतः विवाहाच्या उंबरठ्यावरून जाते.

'कुणबीण' या शब्दाचा इतिहास येथे विशेष बोलका आहे. अठराव्या शतकातील पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणींची खरेदी-विक्री होते, त्या भेट दिल्या जातात, त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. अशा नोंदींतील सर्वच स्त्रिया कुणबी जातीच्या नव्हत्या. दुष्काळात विकल्या गेलेल्या, मुलखाबाहेरून आणलेल्या आणि बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या स्त्रियाही त्यांत होत्या. व्ही. एस. कदम, उमा चक्रवर्ती आणि सुमित गुहा यांच्या अभ्यासांनी व्यभिचाराच्या शिक्षेचा आणि राज्यसंस्थेच्या श्रमगरजेचा हा संबंध पुढे आणला आहे. म्हणजे 'शिंदळकी' हा शब्द केवळ शिवी नव्हता, तो आरोप होता. आणि 'कुणबीण' हे केवळ दूषण नव्हते, तो दर्जा होता. एका शब्दाने स्त्री कुटुंबातून बाहेर पडे, दुसऱ्याने ती सरकारी मालमत्तेत दाखल होई. १८४३च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला असलेला कायद्याचा आधार काढून घेतला. दर्जा गेला, पण शब्दांतली तुच्छता मागे राहिली. आज आपली वृत्तपत्रे एखाद्या यंत्रणेला 'सत्तेची बटीक' म्हणतात, तेव्हा बटीक ही एक विकत घेतलेली स्त्री होती, याचे स्मरण लिहिणाऱ्याला नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते.

दक्षिण कोकणात याच प्रक्रियेचे दुसरे रूप दिसते. मालवण तालुक्यातील धामापूरच्या तलावाकाठी भगवतीचे देऊळ आहे. तलाव १५३० सालचा मानला जातो. लग्नघरच्या माणसाने फुलांची परडी पाण्यात सोडली की देवी लग्नापुरते सोन्याचे दागिने देई आणि कार्य उरकल्यावर ते परत करावे लागत, अशी तेथली लोककथा सर्वश्रुत आहे. देवीचे सोने नवरीसाठी असते, हे या कथेचे गृहीत. याच मुलखातील अनेक ग्रामदेवतांच्या देवळांत मात्र आणखी एक स्त्री होती, जिच्यासाठी अशी कथा नाही. झाडलोट करणे, दिवे घासणे, देवावर चवरी ढाळणे ही तिची कामे. तिला 'भावीण' म्हणत, आणि तिच्या कुळातील पुरुषांना 'देवळी'. 'भाविनी' या संस्कृत शब्दाशी, म्हणजे रूपवती स्त्रीशी, या नावाचे नाते जोडले जाते. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्यातील जातिजमातींच्या ग्रंथात एक प्रथा नोंदली आहे : मराठा किंवा भंडारी स्त्रीला नवऱ्याशी संबंध तोडावयाचा असेल, तर ती देवळातील दिव्याचे तेल आपल्या डोक्यावर ओतून घेई आणि भावीण होई. या नोंदीतील सामाजिक तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. नांदणे नकोसे झालेल्या स्त्रीला गावाने एक वाट ठेवली होती. तिची किंमत म्हणून तिला हे नाव घ्यावे लागे. 'देवळी' या शब्दाला देवळाचा वास राहिला, 'भावीण' शब्दाची शिवी झाली. १९३४च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने समर्पणाची प्रथा बेकायदा ठरवली. गोव्यात याच समाजगटांनी एकत्र येऊन 'गोमंतक मराठा समाज' हे नाव स्वीकारले. बा. भ. बोरकरांनी १९५० साली आपल्या कादंबरीला 'भावीण' हेच शीर्षक दिले. राजाराम पैंगीणकरांनी १९६९ साली आत्मचरित्राला 'मी कोण?' असे नाव दिले. बाहेरून पाहणाऱ्याला शब्द उपलब्ध असतो. ज्याच्यावर तो लादला गेला, त्याला प्रश्नच विचारावा लागतो.

आता 'रांड' या शब्दाकडे वळता येईल. संस्कृत 'रण्डा'पासून आलेल्या या शब्दात विधवा आणि वेश्या हे दोन अर्थ शेजारी नांदतात. दोघींत समान काय आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे : दोघींनाही नवरा नाही. शब्दाने नैतिक निवाडा केलेला नाही, मोजणी केली आहे. निवाडा त्या मोजणीतून आपोआप उतरला. एकनाथांच्या भवानीआईला रोडगा वाहणाऱ्या भारुडात बोलणारी स्त्री तोंडाळ जावेला 'बोडकी' कर असे मागते. भारुडाचा आध्यात्मिक अर्थ वेगळा आहेच; पण एका स्त्रीने दुसरीला द्यावयाचा सर्वांत मोठा शाप वैधव्याचा असतो, या लोकव्यवहारावर त्या रूपकाची उभारणी आहे. तुकारामांच्या गाथेतही 'रांड', 'शिंदळ' हे शब्द येतात. आपल्या समीक्षेत अशा जागांबाबत दोन प्रवृत्ती आढळतात. एक, त्यांना रांगड्या, रोखठोक भाषेचा नमुना म्हणून गौरवणे. दुसरी, वर्गात शिकवताना त्या वगळणे. दोन्हींत शब्द वाचला जात नाही. संताला दोषी ठरवणे हा येथे मुद्दा नाही. ढोंगी माणसाचा किंवा चंचल मनाचा अधिक्षेप करावयाचा असता उपमान म्हणून नवऱ्याविना असलेली स्त्रीच का हाताशी येते, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

हे त्या काळी अपरिहार्यच होते, असे मात्र म्हणता येत नाही. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या भोवतीच्या स्त्रियांची नावे पाहावीत : महदाइसा, बाइसा, आउसा. महदाइसा बालविधवा होती. पंथाने तिला 'आइसा' या आदरवाचक जोडाने संबोधले, तिच्या शंका नोंदवून ठेवल्या, तिचे 'धवळे' जतन केले. विधवेला कुटुंबाबाहेर दुसरी एक संस्था मिळाली, तेव्हा तिला दुसरे नावही मिळाले. याच भाषेत, याच मध्ययुगात हे घडले. म्हणून अर्थापकर्ष हा काळाचा परिणाम नसून संस्थेचा परिणाम आहे, असे म्हणावयास आधार मिळतो.

दुसरा प्रतिसाद अधिक धाडसी आहे. जनाबाईच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात ती डोईवरचा पदर खांद्यावर आल्याचे सांगते आणि देवाच्या दारी स्वतःला वेसवा म्हणवून घेते. दासी ही तिची सामाजिक अवस्था. वेसवा हा तिने निवडलेला शब्द. लोकांनी म्हणण्यापूर्वी तोच शब्द उचलल्यामुळे त्यातील दहशत संपते. याउलट मंगळवेढ्याच्या नायकिणीची मुलगी कान्होपात्रा हिला तो शब्द जन्मानेच मिळालेला होता. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) तिची कथा विठ्ठलाच्या पायी देह ठेवण्याने संपते. त्या नावातून सुटण्याची दुसरी जागा कथेला सापडत नाही. जनाबाई रूपक म्हणून जे करू शकते, ते कान्होपात्रेला करता येत नाही. स्त्रीने अपशब्द स्वतःकडे घेणे ही नेहमीच मुक्ती असते, असे सरसकट विधान करण्यापूर्वी हा भेद ध्यानात ठेवावा लागेल.

तिसरा प्रतिसाद आधुनिक आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. स्त्रियांना चिकटवलेले एकेक दूषण उचलून ते पुरुषांना लागू पडते की नाही, हे त्या तपासतात. जोतीराव फुले यांनी १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. ताराबाईंच्या गद्याच्या तिखटपणाचे कौतुक बरेच होते. पण त्यांची पद्धत शब्दार्थशास्त्राची आहे, हे सहसा म्हटले जात नाही. दूषणाचा अर्थ त्यांनी स्त्रीच्या स्वभावात शोधला नाही, तो कोण कोणाला उद्देशून बोलतो यात शोधला.

ही पद्धत आजही उपयोगी आहे. मालवणी बोलीत दोन मित्र एकमेकांना 'रांडेच्या' म्हणून हाक मारतात, आणि त्यात माया असते, हे खरेच आहे. परंतु ही माया दोन पुरुषांमधली आहे. ज्या आईच्या वैधव्यावरून ती जाते, ती त्या संवादात नसते. शिवीचा निरागसपणा बोलणाऱ्यापुरता असतो. दुसऱ्या टोकाला, एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' असा उल्लेख करण्याचा विचार मांडला आणि त्यावर टीका झाली. ही टीका योग्यच होती. 'गं. भा.' ही उपाधीही पुन्हा नवऱ्याच्या असण्या-नसण्याचीच नोंद करते. केवळ मोजणीची वही रेशमी कापडात बांधली जाते. त्याआधी, मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेथे शब्द बदलला नाही. कुंकू पुसण्याचा, बांगड्या फोडण्याचा विधी बंद करावयाचे ठरले. ब्रेआल यांचा सौम्योक्तीचा सिद्धान्त पहिल्या घटनेचे भवितव्य सांगतो. महदाइसेचे उदाहरण दुसऱ्या घटनेकडे लक्ष वेधते.

मध्ययुगीन साहित्याच्या संपादकांनी आणि अध्यापकांनी यातून काही पथ्ये पाळावीत, अशी अपेक्षा आहे. 'कुणबीण' या शब्दाला केवळ 'दासी' अशी तळटीप देऊन भागणार नाही. ती कोणाच्या मालकीची, कोणत्या नोंदीत आलेली, हे सांगावे लागेल. 'रांड' शब्दावर फुल्या मारल्याने विधवेची प्रतिष्ठा वाढत नाही, तिचा इतिहास तेवढा पुसला जातो. शब्दकोश आपल्याला शब्द कोठे पोचला ते सांगतो. त्याला तेथे कोणी पोचवले, हे शोधणे समीक्षेचे काम आहे. 'नायिके'वर आपल्याकडे प्रबंध लिहिले गेले. 'नायकिणी'च्या वाट्याला आलेल्या अर्थाचा हिशेबही आता त्याच गांभीर्याने मांडावयास हवा.